कधीच नसलेल्या आजोबांचं आडनाव

माझ्या सासऱ्यांना माणूस भेटला की आधी त्याचं आडनाव विचारायची खोड होती. आडनाव कळलं की मग त्या माणसात त्यांना फारसा रस उरत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार केला. म्हणजे एका आडनावाची सगळी घराणी हुडकून काढायची, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोण कुणाचा कोण हे सगळं जुळवायचं, त्याचं जाडजूड पुस्तक छापायचं आणि मग मंगल कार्यालयात सगळ्या भाऊबंदांचं संमेलन भरवायचं. संमेलनातलं जेवण चांगलं होतं. बाकी त्या पुस्तकाचं मला कधी कौतुक वाटलं नाही, कारण चौदा पिढ्यांचे पुरुष त्यात ऐसपैस पसरले आहेत आणि मी ‘सौ.’च्या पुढे अर्ध्या ओळीत आटोपले आहे.

पुस्तक छापून झालं आणि बाबा रिकामे झाले. रिकामा माणूस घरात किती जागा व्यापतो हे मला ते आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सिंगापूरला राहायला आल्यावर कळलं. दोन हजार सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं गेली असतील तेव्हा. आम्ही वुडलँड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, कारण तिथलं भाडं आम्हाला झेपत होतं. नवरा बँकेत, मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. सकाळी दोघंही एमआरटीने शहरात जायचो ते दिवेलागणीला परत. बाबा खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, चिनी म्हाताऱ्यांचा पटावरचा खेळ बघत बसायचे. चार दिवसांत त्यांनी सगळ्यांची आडनावं विचारून घेतली. ती सगळी एकाक्षरी निघाली. त्यात बाबांचा जीव रमेना.

आमच्याच कॉरिडॉरमध्ये, दोन दारं सोडून, एक बल्गेरियन जोडपं राहायचं. तो जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर होता. उंच, अबोल, हातांना सतत ग्रीसचा वास. ती घरी असायची. तिला दिवस गेले होते आणि त्या परक्या उकाड्यात ती बिचारी दार उघडं टाकून पंख्यासमोर बसलेली दिसायची. आईंना इंग्रजी जेमतेम, तिलाही यथातथाच, पण दोघींची मैत्री जमली ती विरजणावरून. एकदा आईंनी वाटीभर दही नेऊन दिलं, तर तिने आपल्या घरचं दही पुढे केलं. दोघींनीही ते बोटाने चाखलं, दोघींनीही एकमेकींच्या दह्याला मनातल्या मनात नाक मुरडलं, आणि त्या दिवसापासून वाट्यांची ये-जा सुरू झाली.

तिनेच एकदा आईंना सांगितलं होतं की बाळाच्या नावावरून घरात रोज वाद होतो. ती एक नाव म्हणते, नवरा दुसरं म्हणतो, आणि बाळ जन्मलं की ठरावीक मुदतीत नाव नोंदवावंच लागणार. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आई मला म्हणाल्या, “एवढं काय त्यात रडण्यासारखं? मुलगा असेल तर आजोबांचं ठेवा म्हणावं, मिटलं!” त्यांना काय ठाऊक, की वाद नेमका आजोबांवरूनच होता.

बाबांच्या कानावर अर्थातच तिचं आडनाव गेलं. ते मी इथे लिहीत नाही. तिकडे ते चिक्कार आढळतं एवढंच सांगते. तिच्याकडूनच बाबांना कळलं की त्यांच्यात आजोबाचं पाळण्यातलं नाव हेच नातवाचं आडनाव होतं, आणि मग ते पुढच्या पिढ्यांना चिकटून राहतं. बाबा हरखून गेले. “म्हणजे मूळ पुरुषाचं नाव आडनावातच आलं की! आपल्याला शोधायला बारा वर्षं लागली.” त्यांनी तिला कुलदैवतही विचारलं. माझी मुलगी तेव्हा इथल्या शाळेत दुसरीत होती. ती कपाळाला हात लावून इथल्या खास इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, यू कान्ट जस्ट आस्क पीपल लाइक दॅट, लाह!”

आजोबांनी ऐकलं नाही. ते रोज लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसू लागले. देशोदेशीच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या तेव्हा नुकत्याच इंटरनेटवर येऊ लागल्या होत्या. बाबा एका बोटाने ते आडनाव टाइप करायचे आणि जगाच्या पाठीवर ते कुठेकुठे पोचलंय ते बघायचे. शिकागोत ढिगाने सापडले. टोरांटोत सापडले. मेलबर्न, लंडन, जर्मनीतली दोन-तीन शहरं, स्पेनचा समुद्रकिनारा. लिटिल इंडियातल्या रात्रंदिवस चालू असणाऱ्या त्या मोठ्या दुकानातून त्यांनी जगाचा नकाशा आणला आणि आईंच्या टिकल्यांची पाकिटं फोडून एकेका घरासाठी एकेक लाल टिकली चिकटवायला सुरुवात केली. आई कपाळाला टिकली शोधायला गेल्या की त्यांची टिकली मेलबर्नला गेलेली असायची.

शेवटी तर बाबांनी त्यातल्या काही जणांना ईमेल धाडले. टोरांटोच्या एका गृहस्थाचं उत्तरही आलं. आमचं आडनाव फार जुनं, आम्ही सगळे एकाच रक्ताचे, तुमच्या शेजारणीला माझा नमस्कार सांगा, असं काहीसं. बाबांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज चक्क कापरा झाला होता. “अगं, बिचारी एवढ्या लांब एकटी पडलीये. तिला कळू दे तरी, की तिची माणसं जगभर आहेत.” मला त्या क्षणी ते आवडले. उगाच खोटं कशाला बोलू?

सातव्या महिन्यात आईंनी तिचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. मी सेरंगून रोडवरून मोगऱ्याचे गजरे आणि हिरव्या बांगड्या आणल्या. ती माझी हिरवी साडी नेसून झोपाळ्याऐवजी आमच्या आरामखुर्चीत बसली, आणि इतकी लाजली, तेवढं तर आमच्या मुलीही हल्ली लाजत नाहीत. दोन-चार मराठी मैत्रिणी ओटी भरून, बासुंदी खाऊन गेल्या. मग तिचा नवरा यार्डातून आला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि बायकोकडे बघून पहिल्यांदाच मोकळं हसला. बाबांना हाच मुहूर्त सापडला. त्यांनी आतून गुंडाळी आणली आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

“युवर फॅमिली,” बाबा म्हणाले. “ऑल युवर्स.”

तिला आधी समजलंच नाही. बाबांनी समजावून सांगितलं. हे शिकागो, हे टोरांटो, एक टिकली म्हणजे एक घर, सगळी तुमच्या आडनावाची. ती वाकून बघत होती. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने बोट उचललं आणि तुर्कस्तानवर ठेवलं. तिथे एकही टिकली नव्हती.

“इथे का नाही?” तिने विचारलं.

“तिथे तुमचं कोणी सापडलं नाही,” बाबा म्हणाले. “खूप शोधलं.”

“माझं सगळं घर इथे आहे,” ती म्हणाली. “माझे आईवडील इथे, याचे वडील इथे, भाऊ, काका, सगळे. आणि हे,” तिने शिकागोपासून मेलबर्नपर्यंत हात फिरवला, “ही माणसं कोण आहेत?”

मी मध्ये पडून म्हटलं, जाऊ दे, बाबांची हौस आहे ती. पण ती थांबली नाही. तिच्या मोडक्या इंग्रजीत तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते आहे.

ती दोघं तुर्क होती. बल्गेरियातले तुर्क, पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरातले. ती शाळेत असताना एका हिवाळ्यात, गुडघाभर बर्फात, सैन्याने त्यांच्या गावाला वेढा घातला. घराघरातून लोकांना कचेरीत नेलं आणि सांगितलं की तुमची नावं आजपासून रद्द, आता बल्गेरियन नाव घ्या. नाही म्हणणाऱ्यांना मारहाण झाली, काही परत आलेच नाहीत. मुसलमानी नाव गेलं, आडनाव गेलं. समोरच्या कारकुनाने सुचवलं ते तिच्या नवऱ्याच्या वडिलांनी मुकाट्याने घेतलं, कारण बाहेर बंदुका होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी हजेरी घेतली. बाई नावं पुकारत होत्या आणि वर्गात कोणीच ‘हजर’ म्हणत नव्हतं, कारण ती नावं कुणाची आहेत हेच मुलांना माहीत नव्हतं.

“तुम्ही म्हणता हे आजोबाचं नाव,” ती बाबांना म्हणाली. “या नावाचा आजोबा आमच्या घरात कधी नव्हताच.”

पुढे सीमा उघडल्यावर घरचे सगळे तुर्कस्तानात निघून गेले. तिथे त्यांना तिथलं तिसरंच आडनाव मिळालं. नवरा तेवढा मागे राहिला, त्याचं शिक्षण चालू होतं. मग सरकार बदललं, जुनं नाव परत घेण्याची मुभा मिळाली. तोवर त्याची प्रमाणपत्रं, जहाजावरचे परवाने, सगळं बल्गेरियन नावाचं झालं होतं. लग्नानंतर तिनेही तेच लावलं. आता बाळ येणार होतं. तिला त्याला जुनं आडनाव द्यायचं होतं. नवरा नको म्हणत होता.

मी त्या बाईबरोबर आठवड्यातून दोनदा भाजी आणायला जात होते. ती डुकराचं मांस खात नाही हे मला दिसत होतं, आणि आमच्या आईंच्या संगतीने सुधारली असेल असं मी खुशाल गृहीत धरून बसले होते. माझी ही गत, तर बाबांचं काय झालं असेल! ते खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या बोटाला एक टिकली चिकटलेली होती, ती त्यांना काढायचंही सुचत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मग त्यांनी विचारलं, “पण जुन्या पिढ्यांची नोंद असेल ना? आजोबा, पणजोबा? ती नावं तर राहिली?”

ती म्हणाली, “मेलेल्यांचीही बदलली.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“हो,” ती म्हणाली. “दफ्तरात मेलेल्या माणसांनाही नवीन नावं दिली. आमच्या गावच्या कबरींवरची जुनी नावं छिन्नीने खरवडली.”

“मेलेल्यांची?” बाबा मराठीतच म्हणाले. “अरे, मेलेल्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?” आणि ते रडायला लागले. मी माझ्या सासऱ्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. सख्खा भाऊ गेला तेव्हाही नाही. ज्या माणसाने आयुष्याची बारा वर्षं मेलेल्यांची नावं गोळा करण्यात घालवली, त्याला हे ऐकून काय झालं असेल ते मला शब्दांत सांगता येत नाही. धर्म, देश असलं काही त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. पूर्वजांची नावं खरवडली, एवढंच त्यांना लागलं.

आता तिचा नवरा भिंतीपासून पुढे आला आणि नकाशा गुंडाळायला लागला. “पुरे,” तो म्हणाला. “नाव कागदासाठी असतं. माझ्या मुलाचं आणि माझं नाव वेगळं असेल तर प्रत्येक विमानतळावर अडवतील. मला या नावाची सवय झाली आहे. सवय होते. त्यालाही होईल.”

आई ओटीचं सामान आवरत होत्या. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणतोय तो?” मी सांगितलं. त्यांनी तांदळाचं ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, “त्याला सांग, होते सवय. मलाही झाली. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं, दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याच नावाने हाक मारायला लागले. आधी मी ओ द्यायचीच नाही, मग सासूबाई रागवायच्या. मग सवय झाली. पण माहेरची माणसं एकेक करून गेली, आणि मला माझ्या नावाने हाक मारणारं आता या जगात कोणी उरलेलं नाही. हेही त्याला सांग.”

मी सांगितलं. मी स्वतः लग्नात नाव बदलू दिलं नव्हतं, त्यावरून मांडवात रुसवेफुगवे झाले होते, आणि तेव्हा आई एका शब्दाने माझ्या बाजूने बोलल्या नव्हत्या. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता इतकी वर्षं. आणि आता बोलल्या त्या कुणासमोर, तर दोन दारं सोडून राहणाऱ्या परक्या माणसासमोर.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. बाबांनी डोळे पुसले, आईंकडे वळले आणि अगदी साध्या, काकुळतीच्या सुरात म्हणाले, “अगं, काय होतं गं तुझं आधीचं नाव?”

ज्यांना चौदा पिढ्या तोंडपाठ, त्यांना हे आठवत नव्हतं. मी भडकले. तोंडावर आलेलं मी कसं गिळलं ते मलाच ठाऊक. आई मात्र चिडल्या नाहीत. “आता कशाला?” एवढंच म्हणाल्या आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. तो इंजिनियर माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण काय झालं ते बहुतेक त्याला समजलं होतं. तो बायकोला हात देऊन उठवून घरी घेऊन गेला.

आईंनी ते नाव बाबांना नाही, शेजारणीला सांगितलं. कधी, कुठल्या भाषेत, देव जाणे. आठवड्याभरात एका सकाळी कॉरिडॉरमधून तिची हाक आली, एक गोड, जुन्या वळणाचं, मला संपूर्ण अनोळखी नाव. आणि आई पोळी तव्यावर तशीच टाकून “आले, आले” म्हणत धावल्या. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पुढचा कितीतरी वेळ पानही उलटलं नाही. आपल्या बायकोचं नाव त्यांना असं कळलं. नकाशा त्यांनी गुंडाळून कपाटावर टाकला होता, तो कुणीच खाली काढला नाही.

तिला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी मी डिंकाचे लाडू घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. नाव नोंदवायचा काउंटर तिथेच तळमजल्यावर होता आणि नवरा त्या रांगेत उभा होता, दाढी वाढलेली, डोळे लाल. तिने म्हणे त्याला शेवटचं सांगितलं होतं, तू ठरव, मी आता भांडणार नाही. त्याने काय ठरवलं आहे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी डबा हातात धरून मागे उभी राहिले.

काउंटरवरच्या चिनी बाईने तपशील टाइप केले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “बेबी सरनेम नॉट सेम ॲज पापा, आह? यू शुअर ऑर नॉट?”

“शुअर,” तो म्हणाला.

मला वाटलं मी ऐकण्यात चूक करते आहे. पण त्याने एकेक अक्षर सावकाश सांगायला सुरुवात केली, आणि ते आडनाव टिकल्यांच्या नकाशातलं नव्हतं.

मग तो बाजूला आला आणि त्याने वडिलांना फोन लावला. तो तुर्की बोलत होता. मी त्याला ती भाषा बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. त्याने बाळाचं नाव सांगितलं, मग आडनाव सांगितलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग पलीकडे म्हाताऱ्याचा आवाज फुटला, माझ्यापर्यंत ऐकू आला, आणि हा अबोल माणूस तेच एक आडनाव मोठ्याने, आणखी मोठ्याने सांगत राहिला. रांगेतले लोक वळून बघत होते.

फोन ठेवल्यावर तो माझ्या शेजारी बाकावर बसला. मी विचारलं, “ते तुमच्या आजोबांचं नाव का?”

“हो. ते गेल्यावर त्यांचंही बदललं होतं,” तो म्हणाला. “माझे बाबा म्हणत होते, पुन्हा सांग, माझ्या वडिलांना पुन्हा हाक मार.”